रोग्याची भीती कोणी काढावी?

मागल्या महिन्यातल्या शुद्ध एकादशीला शहाद्यास गोमाईकाठी भजन झाले. बुक्का लागला, टाळ पिशवीत गेले, मंडळी चपला शोधू लागली, तेवढ्यात एक माउली येऊन समोर बसल्या. म्हणाल्या, "महाराज, एक विचारू का? माझी धाकटी नर्सिंगच्या कोर्सला लागली आहे. घरात तीन पिढ्यांची माळ. तिथं तिला कोणाचंही मलमूत्र काढावं लागतं, रात्रपाळीत एकादशीचं भान राहत नाही. डोंगरातले लोक येतात, त्यांची बोली कळत नाही. ते काही सांगत नाहीत, वरून डॉक्टर हिला रागावतात. पोरगी घरी येऊन रडते. तिचा नेम कसा राहायचा, अन् तिनं करायचं तरी काय?"

वाचकहो, प्रश्न एक नव्हता, दोन होते. पहिल्याचे उत्तर तिथल्या तिथे देता आले. आपला पांडुरंग जनीबरोबर जात्याला बसला, तिच्या शेण्या वेचल्या, तिची वेणीफणीही केली, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या कीर्तनात ऐकतो. ज्याच्या देवाला शेणाचा विटाळ झाला नाही, त्याच्या भक्ताला बेडपॅन उचलताना कसला व्हावा? हात साबणाने धुवावेत म्हणजे झाले. दुसरा प्रश्न मात्र मी घरी घेऊन आलो. 'ते काही सांगत नाहीत' हे त्यांचे शब्द डोक्यातून जाईनात. त्या शब्दांचा हा पाठ.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत. वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. खाटेसारखेच समजा, एक पाय आखूड पडला की वरचा माणूस घसरलाच. प्रत्येक पायाचे पुन्हा चार गुण. परिचारकाला शुश्रूषेचे ज्ञान हवे, हातात चलाखी हवी, स्वच्छता हवी आणि रोग्याविषयी अनुराग हवा. अनुराग हा शब्द ग्रंथातला आहे, माझा नव्हे. पगाराच्या कागदावर तो लिहिता येत नाही, म्हणून कोणी लिहीत नाही, एवढेच.

पण मला थांबवले ते चौथ्या पायाने. रोग्याचेही चार गुण आचार्य मोजतात. स्मृती, सांगितलेले ऐकणे, अभीरुत्व म्हणजे न भिणे, आणि ज्ञापकत्व म्हणजे आपल्याला काय होते ते सांगता येणे. आता इथे शंका घ्यावी. गुण रोग्याचे, तर ते त्याने घरून घेऊन यावेत. नाही आणले तर दोष त्याचा. दवाखान्यांतून आपण हेच ऐकतो ना? "हे लोक नीट सांगतच नाहीत." "उगीच घाबरतात."

बरे, पाहा. अक्राणी महालातला एखादा पाडा. रस्ता नाही. पोट दुखणाऱ्या बाईला झोळीत घालून माणसे खांद्यावरून डोंगर उतरवतात, पुढे जीप, मग शहादा. तिची बोली पावरी किंवा भिली. समोरचा फॉर्म मराठीत, डॉक्टर बोलणार हिंदी, वॉर्डातल्या बायका आपसात अहिराणी किंवा गुजरी बोलणार आणि औषधाची चिठ्ठी इंग्रजीत. नवऱ्याला बाहेर थांबवलेले. त्या बाईने न भिण्याचा गुण कोणत्या गाठोड्यात बांधून आणावा? आणि सांगण्याचा गुण कोणत्या भाषेत दाखवावा? म्हणून माझी अशी समजूत झाली आहे की आचार्यांनी मोजले रोग्याचे, पण हे शेवटचे दोन गुण त्याच्या अंगी परिचारकाच्याच हाताने येतात. पाठ एवढाच आहे. पुढचे सगळे त्याचेच दाखले.

मोठा दाखला आपल्या महाराष्ट्राने भोगलेला आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उघडकीस आला आणि १८९७ च्या आरंभी तो पुण्यात पसरला. रोगी हुडकून वेगळे ठेवण्यासाठी सरकारने रँडच्या हाताखाली प्लेग कमिटी नेमली आणि गोरे शिपाई घराघरांत शिरले. रोगी वेगळा ठेवावा हे शास्त्राला धरूनच होते, ते नाकारू नये. पण देवघर की न्हाणीघर हे न पाहता माणसे आत गेली, बायकांची लाज राखली नाही, आणि रोग्याला कुठे नेतात, का नेतात हे घरच्यांना उमजेल अशा शब्दांत कोणी सांगितले नाही. परिणाम काय झाला? लोक रोगी लपवू लागले, मेलेले लपवू लागले. शहरभराचे ज्ञापकत्व गेले. त्याच वर्षी पुण्याच्या शिवेवर सावित्रीबाई फुले यशवंतरावांच्या दवाखान्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत होत्या. मुंढव्याच्या वस्तीतल्या गायकवाडांच्या पोराला गाठ आली तेव्हा त्याला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या. त्यांना स्वतःलाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. शिपायाजवळ नियम होता, बाईंजवळ पाठ होती. नियमाला भिऊन घर दार लावून घेते. पाठीवर मात्र आजारी पोरही विश्वासाने मान टाकते.

आता घरचे सांगतो. माझ्या मातोश्रींचे खुब्याचे हाड मोडले होते. बरीच वर्षे झाली. गावाचे आणि दवाखान्याचे नाव घेत नाही, कारण त्यांनी तिचा पाय उभा केला आणि ते ऋण आहेच. शस्त्रक्रियेला नेताना गळ्यात काही ठेवायचे नाही, हा नियम. नियम चुकीचा नव्हता. पण कोणी विचारले नाही, सांगितले नाही. कात्री लावली, माळ तुटली, मणी फरशीवर. पन्नास वर्षांत ती माळ तिच्या गळ्यातून उतरली नव्हती. आई एक शब्द बोलली नाही. शस्त्रक्रिया उत्तम झाली. पण पुढचे दोन दिवस तिने भिंतीकडे तोंड केले. विचारले तर "बरं आहे." जेवणाला "नको." सगळ्यांना वाटले, म्हातारी शांत आहे, त्रास देत नाही.

तिसऱ्या रात्री एक केरळातली सिस्टर पाळीवर आली. मराठी तिचे मोडकेतोडके. पण तिला दिसले की आजीचा हात पुन्हा पुन्हा गळ्याशी जातो आणि रिकामाच खाली येतो. तिने मला खुणेने विचारले, मी सांगितले. ती निघून गेली. तासाभराने झाडूवाल्या मावशींनी कागदात बांधून ठेवलेले मणी घेऊन आली, टाके घालायचा असावा तसला मजबूत दोरा आणला, आणि खाटेशेजारी बसून एकेक मणी ओवू लागली. आई बघत होती. मेरुमणी कुठे घालायचा ते तिला समजेना, तेव्हा आईनेच हात पुढे केला. माळ गळ्यात पडल्यावर आई पहिले वाक्य बोलली ते हे: "बाई, माझी पोटरी दोन दिवस झाले दुखते गं. जड झाली आहे."

वाचकहो, खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. पोटरी दुखणे, सुजणे ही तिची खूण. सिस्टरने दोन्ही पोटऱ्या उघड्या करून पाहिल्या आणि डॉक्टरांना रात्रीच उठवले. औषध वेळेत लागू पडले. माळेने गुठळी विरघळली असे मी म्हणत नाही, कोणी तसे समजूही नये. विरघळली ती औषधाने. पण औषधाला वाट मिळाली ती त्या ओवण्याने. शेवटी तिला आईची बोली येत होती असे नाही. डोळे होते.

त्याच वॉर्डात माझी चूक घडली, तीही सांगून टाकतो. शेजारच्या खाटेवर सातपुड्यातली दहा-बारा वर्षांची पोर होती. हातापायांत असह्य दुखे, किंचाळे. सूज दिसेना, जखम नाही. बायका म्हणू लागल्या, नाटक करते. तिचा बाप पायथ्याशी उकिडवा बसलेला, अंगाला महुच्या दारूचा वास. मी माळकरी माणूस, मला राहवले नाही. पोर आजारी आणि तुम्ही हे पिता म्हणून चांगले दहा मिनिटे निरूपण केले. त्याने मान खाली घातली, तो बाहेर व्हरांड्यात जाऊन बसला. सिस्टर आली. म्हणाली, "महाराज, तो आता तुम्हाला पाणीसुद्धा मागणार नाही. आणि पोरीला पाणीच जास्त पाहिजे आहे."

पोरीला सिकलसेल होता. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः आदिवासी घरांत, हा आजार पुष्कळ आहे, म्हणून तो प्रत्येकाने समजून घ्यावा. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि लवचीक असायच्या, त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात, बारीक नसांत अडकतात. पुढे रक्त जात नाही आणि हाडे ठणकतात. बाहेरून काही दिसत नाही. थंडी लागली, अंगातले पाणी कमी झाले, ताप आला, फार दमणूक झाली की हे दुखणे उसळते. आईबाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक अपत्याला तो होण्याचा संभव चारात एक. दारूने तो होत नाही, पापाने होत नाही, करणीने तर नाहीच. फॉलिक ॲसिड, हायड्रॉक्सियुरिया यांनी पुष्कळांना उतार पडतो. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची देशव्यापी मोहीम घेतली आहे आणि २०४७ चे लक्ष्य ठेवले आहे. पण उमळ्याच्या त्या घटकेला परिचारकाचे पहिले काम कोणते? विश्वास ठेवणे. दुखते म्हणते ना, मग दुखते. वेदनाशामक वेळेवर, पाणी घोटाघोटाने, अंगावर उबदार पांघरूण. "नाटक करते" एवढे एक वाक्य कानी पडले की पोर पुढल्या खेपेला घरीच कुढत पडेल, आणि कदाचित फार उशिरा येईल.

त्या बापाला मी काय म्हणून हाक मारली होती, तेही आठवून पाहिले. "ए, इकडे ये." वयाने तो माझ्याहून थोर असावा. आपल्या या भागात ही गोष्ट कोणी शिकवली नाही असेही नाही. तळोदे तालुक्यातल्या मोरवडचे गुलाम महाराज, १९३० नंतरच्या त्या दशकात त्यांनी भिल्ल समाजाला दारू सोडा, स्वच्छ राहा म्हणून सांगितलेच, पण त्याबरोबर एकमेकांना 'आप' म्हणायला शिकवले. ज्यांना सावकार आणि शिपाई जन्मभर 'ए' आणि 'अरे' म्हणत आले, त्यांनी आपसात 'आप' म्हणावे! १९३८ साली महाराज गेले, नमस्कार उरला. त्यांच्या दारूबंदीचा दाखला आपण व्याख्यानात देतो. 'आप' मात्र विसरतो. खरे तर दारू सुटली ती त्या 'आप'च्या पाठोपाठच. मी मागचे आधी केले आणि पुढचे केलेच नाही. वॉर्डातल्या पोरीने हे ध्यानात धरावे. खाट क्रमांक सात असे न म्हणता नाव घ्यावे, वडीलधाऱ्याला बाबा, आबा म्हणावे, बाईला माय म्हणावे. अहिराणी बोलणाऱ्या आजीला "काय दुखी ऱ्हायनं, माय?" असे नुसते विचारून पाहा, चेहरा बदलतो की नाही.

शहाद्याहून गडचिरोली म्हणजे महाराष्ट्राचे दुसरे टोक. पण जंगल, डोंगर आणि दवाखान्याची धास्ती ही दोन्हीकडे सारखी, म्हणून तिकडचा अनुभव इथे लावून बघण्यासारखा आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तिथे 'सर्च' ही संस्था काढली. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, असे त्यांनी लोकांनाच विचारले. उत्तर मोठे विलक्षण आले. तुमचे डॉक्टर, नर्स पांढरे कपडे घालतात. आमच्यात पांढरे कापड प्रेताला गुंडाळतात. पांढऱ्यातला माणूस जीव वाचवील कसा? आणि रोग्याबरोबर आलेल्या नातेवाइकांना तुम्ही राहू देत नाही. वारकऱ्याने इथे आपल्या अंगरख्याकडे पाहावे. आपल्याला पांढरे म्हणजे सात्त्विक! त्यांनी काय केले, तर दवाखाना गोंडांच्या पाड्यासारखा बांधला. झोपडीवजा खोल्या, रोग्यासोबत घरच्यांना राहायला जागा, आणि नाव दिले माँ दंतेश्वरीचे, त्यांच्या देवीचे. शस्त्रक्रिया, तपासण्या, औषधे, सगळी आजच्या शास्त्राचीच. फक्त भीतीचे कारण लोकांना विचारले आणि ते काढून टाकले. भामरागडकडे हेमलकशाला १९७३ पासून डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांनीही आधी माडिया बोली शिकून घेतली, ती याचसाठी.

विलायतेतल्या विद्येने हे आता कुठे पोथीत घातले आहे. अमेरिकेत मॅडलिन लेनिंजर या परिचारिकेने १९६० च्या सुमारास न्यू गिनीच्या डोंगरी लोकांत राहून, प्रत्येक समाजाची शुश्रूषेची रीत वेगळी असते आणि परिचारिकेने ती शिकली पाहिजे, असा स्वतंत्र विषयच उभा केला. बाळंतपणाचेच घ्या. डोंगरात बाई उकिडवी बसून, मागून जाणत्या बाईने धरलेली, अशी मोकळी होत आली. दवाखान्यात तिला टेबलावर उताणी निजवली आणि सासूला दाराबाहेर काढले की तिचा धीर खचतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या आपल्या सूचनांत स्पष्ट म्हटले की बाईला पाहिजे ती सोबतीण जवळ असू द्यावी आणि तिला सोईची बैठक घेऊ द्यावी. म्हणजे पाड्यावरची म्हातारी जे कुरकुरत होती, तेच निघाले!

तुम्ही म्हणाल, महाराज, हे बोलायला ठीक. एका सिस्टरच्या वाट्याला किती खाटा येतात ते एकदा वॉर्डात उभे राहून मोजा, मग मणी ओवायला सांगा. शंका रास्त आहे. माणसे वाढवली पाहिजेत, ती गोड बोलण्याने वाढत नाहीत, त्यासाठी सरकारदरबारीच बोलले पाहिजे. तथापि सगळ्याच गोष्टींना तास लागत नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी एक बारीक गोष्ट लिहून ठेवली आहे. रोग्याशी बोलताना त्याला मान वळवावी लागणार नाही अशा जागी, त्याच्या नजरेसमोर बसावे, घाईत उभ्याने बोलू नये. याला किती वेळ लागतो? तितकेच उभ्याने बोलण्याला लागतो. सुई टोचण्याआधी "आता टोचते हं, मुंगी चावल्यासारखं होईल" हे सांगायलाही तसेच.

आणि पडदा. वॉर्डातला हिरवा पडदा सर्रकन ओढून आत शिरण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. आत माणूस उघडा असतो. मुक्ताबाईंची ताटीची गोष्ट आपण सगळे जाणतो. ज्ञानोबा रुसून ताटी लावून बसले, तर थोरल्या भावाचे दार तिने लोटले नाही, बाहेर उभी राहून विनवीत राहिली, आणि ते आतून उघडले. खानदेशातून मुक्ताईची पालखी पंढरीला नेणाऱ्यांना हे मी काय सांगावे. पडद्याबाहेर क्षणभर थांबून "येऊ का, माय?" म्हणावे.

आता थोडे आपल्या मंडळींना. ज्ञापकत्व नुसते डोंगरातल्यांचेच जाते असे नाही. आपल्यातला मधुमेहाचा रोगी एकादशी धरतो, इन्सुलिन मात्र रोजचेच टोचून घेतो आणि सिस्टरला सांगत नाही, कारण ती रागावेल. पोटात अन्न नाही आणि इन्सुलिन पुरते, म्हणजे साखर एकाएकी उतरते, घाम फुटतो, हातपाय कापतात, शुद्ध जाते. उलट कोणी फराळाला साबुदाण्याची खिचडी भरपेट खातो. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, साखर चढते. दोन दिवस आधी सांगितले तर डॉक्टर मात्रा बदलून देतात, किंवा या खेपेला उपास नको म्हणतात, तेव्हा ऐकावे. आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांनीही आजाऱ्याचा उपास सोडवलेलाच आहे. वारीत चालणाऱ्या मधुमेह्याने रोज रात्री उजेडात तळवे पाहावेत, कारण बधिर पायाला फोड आलेला कळत नाही. स्वतःला वाकता येत नसेल तर दिंडीतल्या सोबत्याला दाखवावेत. त्यात लाजायचे काय, पायच तर आहेत, नाहीतरी आपण एकमेकांच्या पाया पडतोच. आणि सिस्टरनेही, उपास धरलात का, असे आधी विचारावे, मग रागवायचे ते रागवावे.

परवाच्या एकादशीला त्या माउली पुन्हा भेटल्या. पोरीने एक वही केली आहे म्हणाल्या. वॉर्डातल्या एका पावरा मावशींना विचारून ती दुखते, तहान, लघवी, चक्कर, गरोदर, भिऊ नका, असे शब्द उतरवून घेते, समोर मराठी. मावशी तिचे उच्चार ऐकून हसतात आणि दुरुस्त करतात. पंचेचाळीस शब्द झाले. वहीला पुठ्ठा घालायचा आहे, आपल्या मासिकाच्या जुन्या अंकाचा चालेल का, असे त्या विचारत होत्या. चालेल म्हणालो.